चार मिनिटांचा समुद्र

आम्ही तिघं तो कडा उतरलो ते एका फोटोसाठी. फोटो आधीच काढून झालेला होता. दुसऱ्या माणसानं, तीसेक वर्षांपूर्वी. मला तोच पुन्हा काढायचा होता. त्याच जागेवर उभं राहून, त्याच उजेडात, आणि या वेळी माझ्या हातानं!

माझं फ्रेमचं दुकान आहे. लोक फोटो आणतात, मी त्यांना पुठ्ठा, काच आणि चौकट देते. बावीस वर्षांत किती लोकांची लग्नं, बाळं, डोंगर आणि समुद्र मी भिंतीवर चढवले याची गणतीच नाही. माझ्या दुकानाची भिंत मात्र माझ्यापुरती रिकामी. तिथं लटकतात ते नमुने, तेही परक्यांचे. गिऱ्हाइकानं कधी विचारलं, "यातला तुमचा कुठला?" तर मी म्हणायची, "चौकट माझी." लोक हसायचे. मीही हसायची. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर ते हसू जरा ओढूनताणून यायला लागलं.

फोटोग्राफी मला कुणी शिकवली नाही. ती आपल्या पायांनी माझ्या टेबलावर आली. गोंद वाळेपर्यंत फोटो दोन-दोन दिवस समोर पडून असायचे, आणि मी हातात कटर घेऊन त्यांच्याकडे बघत बसायची. बघता बघता कळायला लागलं. पाण्याचा धूर झालाय? म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा होता. ढगांचे फराटे ओढलेत? मग सेकंद नव्हे, मिनिटं मोजायची. उघड्या वेळात जे जे हललं त्याचा धूर होतो. जे जागच्या जागी राहिलं ते करकरीत येतं. आणि क्षितिजाची रेघ ज्या दगडावरून जाते, तो दगड कॅमेऱ्याच्या उंचीवर असतो. हे कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. शेकडो समुद्रांवर फूटपट्टी ठेवून शोधलं.

तर तो फोटो. एका गेलेल्या फोटोग्राफरची मुलगी तो फ्रेम करायला घेऊन आली. समुद्रात उभी असलेली दगडी कमान. कमानीतून घुसलेला उन्हाचा झोत. आणि खाली चार मिनिटांचा समुद्र, दुधासारखा! जवळ एका काळ्या खडकाच्या ओट्याची कड, सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ. त्या ओट्यावरच फोटोग्राफर उभा असणार. फोटोच्या अगदी खालच्या काठाला बोटभर पांढुरकं धुकं होतं. भिंगावर वाफ धरली असेल, असं मी ठरवलं, आणि फोटोभोवतीचा माउंटचा पुठ्ठा कापताना ती बोटभर पट्टी त्याखाली झाकून टाकली. फोटो लगेच उजळला. मुलगी खूश, मी तिच्याहून खूश.

"बाबांचा तिथला हा शेवटचाच," जाताना ती म्हणाली. "यानंतर आईनं त्यांना तिकडं जाऊच दिलं नाही."

बायको कॅमेऱ्यावर जळत असेल, असं मी मनाशी म्हटलं. असतात अशा.

तिनं पाठ फिरवण्याआधी, तिला विचारून, मी मोबाइलवर त्या फ्रेम केलेल्या फोटोचा फोटो घेतला. पुढची तीन वर्षं मी त्याच्यावर अभ्यास केला. सावलीवरून वेळ काढली. झोत कमानीतून वर्षातले पाचच दिवस येतो, संध्याकाळी पाचच्या सुमारास, हे काढलं. पहिल्या वर्षी तापानं अंथरूण धरलं. दुसऱ्या वर्षी ढग आले. या वर्षी कड्यावर पाटी लागली की कमानीच्या माथ्याला चीर गेली आहे, येत्या रविवारपासून खाली उतरायची वाट बंद. पाच दिवसांपैकी उरला होता एक. शनिवार.

बरोबर माझी धाकटी नणंद. शाळेत खेळ शिकवते, सगळं घर तिला कप्तान म्हणतं. ती कशालाच नाही म्हणत नाही, हा तिचा गुण आणि तोच दोष. तिसरे खेकडेवाले काका. त्या खडकांमध्ये खेकडे धरण्यात त्यांचा जन्म गेलेला. अंगानं सुतळीसारखे, बोलणं त्याहून बारीक. खांद्यावर दोर आणि हातात आकडा लावलेली लांब काठी.

"वहिनी, तुझ्या बॅगेत दगड भरलेत का गं?" पहिल्याच उतारावर कप्ताननं विचारलं.

"काच आहे."

"खिडकी लावायचीय समुद्राला?"

ती वेल्डरची काच होती. भर उजेडात पडदा चार मिनिटं उघडा ठेवायचा तर भिंगापुढं काळोखाचा तुकडा लागतो. तो विकतही मिळतो. पण माझ्या दुकानाशेजारी वेल्डिंगवाला असताना मी बाजारात कशाला जाऊ? त्याच्याकडून काच आणली, मापात कापली, उरलेल्या चौकटीच्या पट्टीत बसवली. तिच्यातून जग हिरवं दिसतं. मी फोटो काळापांढरा करते, की झालं. झाकली मूठ.

कडा उतरायला तास लागला. वाट कसली, शेळीनंही दोनदा विचार केला असता अशी भेग! मुरूम पायाखालून सरकत होता, खालून वारा शर्टात शिरून आम्हाला फुगवत होता. मध्यावर एक खाच लागली, अडीच हात रुंद. तिच्या तळाशी पाणी आत जायचं आणि गुरगुरत बाहेर यायचं. काका न थांबता ओलांडून गेले. कप्ताननं उडी मारली. मी बॅग आधी पलीकडं दिली, मग ट्रायपॉड, मग चष्मा.

"चष्मा कशाला?" पलीकडून कप्तान.

"मी पडले तर निदान तो राहील."

"तू आधी ये. चष्म्याला मी वहिनी म्हणणार नाहीये."

मी उडी मारली. गुडघा फुटला, पण पोहोचले! खाली ओहोटीनं उघडे पडलेले खडक तुडवत, शेवाळावरून घसरत, आम्ही वळसा घातला, आणि कमान समोर उभी राहिली. इतकी वर्षं ती माझ्या तळहाताएवढी होती. आता मान मागं टाकावी लागली. माथ्यापासून निम्म्यापर्यंत उतरलेली चीरही दिसली. तिच्यासमोर तो ओटा. काळा, धुतलेला, बाहेरच्या बाजूला उंच आणि आमच्या बाजूला जरा खोलगट; ताटलीच जणू. मी मोबाइल डोळ्यांसमोर धरला. क्षितिजाची रेघ बरोबर तिथंच बसत होती. तीन वर्षांचं गणित पायाखाली आलं होतं! मला नाचावंसं वाटलं. गुडघ्यानं नको म्हटलं.

काका ओट्याच्या मागं, दोन पुरुष उंचीवरच्या एका पायरीपाशी थांबले. "इथवर. पुढं मी जात नाही."

"का हो?"

"तिथं खेकडे नाहीत."

"आम्हाला खेकडे नकोत काका, फोटो हवाय."

"खेकड्याला अक्कल असते, ताई. तो जिथं बसत नाही तिथं काहीतरी असतंच."

मी त्यांना मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी तो हात लांब करून पाहिला. "हा समुद्र कुठाय? ही दुधावरची साय."

मग मी त्यांना शिकवलं. हो, मी त्यांना. चार मिनिटांत जे हलतं त्याचा धूर होतो. ओट्याची कड बघा कशी करकरीत आहे. म्हणजे चार मिनिटांत तिच्यावर एकही लाट चढलेली नाही. म्हणजे ओटा कोरडा राहतो. माझ्या आवाजात तेव्हा बावीस वर्षांचा अनुभव होता. काकांनी मोबाइल परत दिला. "मोबाइल तुमचा, पाय तुमचे," म्हणाले, आणि खांद्यावरचा दोर सोडायला लागले. दोर कशाला सोडताय, हे मी विचारलं नाही.

पाचला दहा कमी असताना ट्रायपॉड उभा राहिला. समोरच्या लाटा उंच कडेवर आपटून फुटत होत्या. एक थेंब आत येत नव्हता. माझं गणित बरोबर होतं. मी कॅमेऱ्याचा पट्टा सवयीनं गळ्यात ठेवला, काच बसवली, वायरचं बटण हातात घेतलं. कप्तान माझ्या मागं, ओट्याच्या खोलगट बाजूला उभी राहिली. सेकंद मोजायचं काम तिचं. पाचशे पोरांना कवायत शिकवलेला गळा!

पाच वाजून सात मिनिटं. ऊन कमानीत शिरलं.

कसं सांगू! आधी दगडाची कड पेटली. मग तो झोत सरकत आला, पाण्यावर आडवा झाला, त्याच्यातून उडणारा तुषारन् तुषार सोनेरी. माझ्या टेबलावर जे काळंपांढरं होतं ते असं होतं होय! मी बटण दाबलं.

"एक. दोन. तीन." कप्तान मोजायला लागली.

साठ झाले. ऐंशी झाले. नव्वदला माझ्या मागं आवाज आला, मोरीचं बूच काढल्यावर येतो तसा. गळ्ळ! माझ्या घोट्यांना गार लागलं.

"वहिनी, पाणी."

"मोज तू. हलू नकोस." माझं लक्ष ट्रायपॉडच्या पायांवर.

"पाणी मागून येतंय."

मी खाली पाहिलं. ओट्याच्या खोलगट बाजूला, खडकाखालच्या सांदीतून पाणी वर येत होतं. पांढरं, फेसाळ, बोटभर. ते ओट्यावर पसरलं आणि पुन्हा सांदीत ओढलं गेलं. बोटभर पांढुरकं! भिंगावरची वाफ नव्हतीच ती. त्या माणसाच्या पायाशी, चार मिनिटं, हेच पाणी चढत-उतरत होतं. त्याच्या फोटोनं ते इमानानं लिहून ठेवलं होतं, आणि मी, फ्रेमवाली बाई, त्याच्यावर पुठ्ठा लावून बसले होते! समुद्र समोरून येतच नव्हता. तो मागून यायचा. त्याच्या बायकोनं त्याला पुन्हा का पाठवलं नाही ते मला तिथं, घोटाभर पाण्यात, कळलं.

"चल! वर चल!"

उशीर झाला होता. सांदीनं दुसऱ्यांदा श्वास सोडला. या वेळी घोटा नाही, कंबर! ओटा नाहीसा झाला. ट्रायपॉड तिरका झाला. मी एका हातानं तो धरला. डावीकडं कप्तानचे पाय गेले. पाणी परत फिरलं आणि तिला सांदीकडं ओढत निघालं. तिनं मोजणं थांबवलं होतं. तेवढ्यावरूनच मला समजलं की ती घाबरलीये.

मी ट्रायपॉड सोडला.

दोन्ही हातांनी तिच्या पाठपिशवीचा पट्टा धरला, टाच खडकाच्या भेगेत रोवली आणि मागं रेलले. गळ्याला जोराचा हिसका बसला. ट्रायपॉडचा जुना खटका तुटला, त्याचे पाय समुद्रात गेले, आणि कॅमेरा छातीवर येऊन आदळला. पाणी ओढतंय. मी ओढतेय. पिशवीची शिवण उसवायला लागली. एक टाका. दोन टाके.

वरून दोर पडला.

"धरा. बोलू नका," काका म्हणाले.

आम्ही धरला. बोललो नाही. त्या सुतळीसारख्या माणसात एवढं बळ कुठं होतं कोण जाणे! आकडा खडकात अडकवून त्यांनी आधी कप्तानला, मग मला पायरीवर घेतलं. तिसरा श्वास आला तेव्हा आम्ही वर होतो. ओट्यावर छातीइतकं पाणी चढलं आणि गेलं, जणू कुणी फळा पुसला.

कप्तान खोकली. मग बसली. मग म्हणाली, "एकशे बारा."

"काय?"

"एकशे बारापर्यंत मोजले होते. विचारशील म्हणून सांगते."

मी तिला मिठी मारली. दोघीही ओल्या चिंब. समुद्रानं आणि बाकीच्या पाण्यानं.

आलेली वाट पाण्याखाली गेली होती. पायरीच्या वरून एक घळ थेट कड्याच्या माथ्याला जात होती, चुलीच्या धुराड्यासारखी. काकांनी तिकडं बोट केलं. "आता हीच. अर्ध्या तासात पाणी इथंही येतंय."

पायरीवर काकांपाशी ठेवलेल्या बॅगेत मी कॅमेरा भरला. खरंच भरला. झोत अजून कमानीत होता, आणि मी त्याच्याकडं पाठ केली. फोटो गेला, नणंद राहिली. एवढा हिशोब मलाही येतो. घरी जाऊन नवऱ्याला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत मी चेन लावली.

"काका," कप्तान म्हणाली, "चार मिनिटं आहेत का?"

"गप बस गं," मी म्हटलं.

"तुला नाही विचारत. काकांना विचारतेय."

काकांनी खाली पाहिलं. खडकावर शिंपल्यांची एक पांढरी रेघ होती. "पाणी त्या रेघेला लागलं की निघायचं. त्याच्या आत काय करायचं ते करा. किती मिनिटं ते समुद्राला ठाऊक."

मी बॅग उघडली. पण बटणाला हात लावायच्या आधी, तीन वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. विचारलं. "काका, कॅमेरा कुठं ठेवू? पाणी कुठं उडतं, कुठं नाही?"

त्यांनी काठीनं एक कोनाडा दाखवला. "इथं. इथं खेकडेच खेकडे."

खरंच होते! एकानं माझ्याकडं रागानं पाहिलं आणि जागा करून दिली. ट्रायपॉड नव्हता. बॅग पसरली, तिच्यावर कॅमेरा टेकवला, खाली पाचर म्हणून चपटे दगड. काचेचा एक कोपरा उडाला होता; खिशातली फ्रेमची काळी टेप त्यावर चिकटवली. शर्टाची त्यातल्या त्यात कोरडी बाजू शोधून भिंग पुसलं. इथून कमान तिरकी दिसत होती, झोत एका बाजूला. हा फोटो मी कुणाच्याही भिंतीवर पाहिलेला नव्हता. फूटपट्टी कुठं ठेवायची तेच कळेना. मग डोळ्यांना जे बरं वाटलं तिथं कॅमेरा वळवला आणि बटण दाबलं.

"एक. दोन." कप्तानचे दात वाजत होते, पण मोजणी सरळ.

शंभर. पाणी रेघेच्या हातभर खाली. दीडशे. वीतभर. मी काकांकडं बघत होते, काका पाण्याकडं. एकशे ऐंशी. एक लाट रेघेपाशी आली, थांबली, गेली. एकशे नव्वद. एकशे शहाण्णव.

"लागलं," काका म्हणाले.

मी बटण सोडलं. चव्वेचाळीस सेकंद बाकी होते. वाद घातला नाही.

इतका वेळ पडदा उघडा ठेवला की माझा कॅमेरा नंतर तेवढाच वेळ डोळे मिटून बसतो, फोटो निवळत. तोवर काही दाखवत नाही. बरं, त्या वेळात त्याला कुठंही न्या, त्याची ना नसते. मी तो गळ्यात अडकवून पाठीवर टाकला आणि घळीत शिरले. पुढं काका, मध्ये मी, मागं कप्तान.

डावा हातपाय एका भिंतीला, उजवा दुसऱ्या. एक पाऊल. दुसरं. वरून खडे टपटप डोक्यावर! फुटलेला गुडघा प्रत्येक पावलाला बोलत होता. मध्येच एक दगड निसटला, माझ्या कानाजवळून गेला.

"दगड!" मी ओरडले.

"पाहिला," खालून कप्तान शांतपणे. "तुझे बूटही पाहिले. चढ आता."

पाठीवर कॅमेऱ्याचा लाल ठिपका लुकलुकत होता, असं ती मागून सांगत होती. बॅटरीचा की फोटोचा, ते तिला कळत नव्हतं आणि मला वळता येत नव्हतं. "अजून लाल." चार पावलं. "अजून लाल." "वहिनी, गेला गं ठिपका." फोटो आला की बॅटरी गेली, ते वर पोहोचल्याशिवाय कळणार नव्हतं. शेवटी माथा दिसला. काकांचा हात आला. "वहिनी, गेला गं ठिपका."

मी गवतावर पोटावर पडले. तशीच पडल्या पडल्या कॅमेरा पुढं ओढला. बॅटरी सुईच्या टोकाएवढी शिल्लक. पडद्यावर फोटो.

क्षितिज जरा कललेलं. डावीकडं भिंगावरच्या थेंबाचा एक डाग. बाकी काय सांगू! कमान तिरकी उभी, झोत तिच्या खांद्यावरून सांडलेला, खाली अंगाईसारखा पांढरा समुद्र. ओटा कुठंच नव्हता. आम्ही जिथं बुडत होतो तिथं मऊ कापूस पसरला होता.

कप्तान माझ्या खांद्यावरून वाकली. "ही कुठली जागा? किती शांत आहे."

"तीच."

ती उठून कड्याच्या टोकाशी गेली, प्लास्टिकच्या पिशवीतून आपला मोबाइल काढला आणि खाली धरला. त्याच क्षणी एक लाट सांदीतून उसळली, पायरीवरून, आमच्या खेकड्यांच्या कोनाड्यावरून, पार घळीच्या तोंडापर्यंत! कप्ताननं टिपली. सेकंदाचा हजारावा भाग. पाण्याला दात फुटलेले.

"आता बघ," तिनं मोबाइल माझ्या कॅमेऱ्याशेजारी धरला. काकांनी दोन्ही फोटो हात लांब करून पाहिले.

"हां," ते मोबाइलकडं बोट करून म्हणाले, "हा समुद्र." मग माझ्या कॅमेऱ्याकडं बराच वेळ पाहिलं. "आणि हाही. लांबून."

दुकानात आता माझा फोटो आहे. एका माउंटला मी दोन खिडक्या कापल्या. एकीत माझी तीन मिनिटं सोळा सेकंद, दुसरीत कप्तानचा तो एक क्षण. तिला मी सांगितलं होतं, तुझी खिडकी लहान ठेवते, मुख्य फोटो माझा आहे. तिनं मान डोलावली. कापायला बसले तेव्हा दोन्ही सारख्या मापाच्या झाल्या.

परवा एक पोरगी कुठलासा फोटो द्यायला आली आणि त्याच्यापुढं थबकली. पाठीवर ट्रायपॉड. तिनं विचारलं, "हा कुठून काढलाय, काकू?"

मी कटर खाली ठेवला आणि तिच्यासाठी स्टूल ओढलं.